‘याला सूरच नाही’ म्हणण्याआधी : कान किती बारीक ऐकतो, हे मोजायचं कसं

गेल्या जूनमध्ये एक आई सातवीतल्या मुलीला घेऊन क्लासला आली. आधीच्या ठिकाणी तिला ‘हिला सूरच नाही, उगीच पैसे घालवू नका’ असं सांगून परत पाठवलं होतं. मुलगी मान खाली घालून बसलेली. मी पेटीवर पांढरी सहा दाबून धरली आणि ‘आ’ लाव म्हटलं. तिनं लावला, तो चांगलाच खाली. पुन्हा दिली, पुन्हा तिथंच. आईनं माझ्याकडं पाहिलं, म्हणजे आता तुम्हीपण तेच सांगणार ना, अशा नजरेनं.

पंधरा वर्षांपूर्वी मी तेच सांगितलं असतं. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी गायले, जिथला देवल क्लब ही गायनसंस्था १८८३ पासून चालू आहे, त्या कोल्हापुरात सुराचा निकाल फार झटपट लावायची सवय आहे. पण सूर ‘लागत’ नाही याची कारणं दोन असू शकतात. एक तर कानाला फरक कळत नाही, किंवा कानाला कळतो आणि गळा तिथं पोचत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र अगदी वेगळे. म्हणून आधी कान एकटा मोजायचा, गळ्याला मधे येऊ न देता. मी दिवसा महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि संध्याकाळी शिवाजी पेठेत गाण्याचा क्लास घेतो. या दोन कामांच्या मधून ही पद्धत बसत गेली. लॅपटॉप, वायरचा हेडफोन, वही आणि एक नाणं एवढ्यावर ती चालते.

मोजतो ते नेमकं काय

स्वराची उंची कंपनसंख्येवर ठरते. पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, ४४० हर्ट्झ. तिच्याशेजारची काळी पाच ४६६.१६ हर्ट्झ. या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे प्रमाणात सारखे असे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. हे माप इंग्लंडच्या अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये मांडलं. सप्तकात असे १२०० सेंट. ४४० च्या आसपास एक हर्ट्झचा फरक जवळजवळ चार सेंटांचा होतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुढची आकडेमोड सोपी जाते.

हर्ट्झ सोडून सेंट का, तर कान फरक प्रमाणात ऐकतो. खर्जात दहा हर्ट्झ म्हणजे भलतंच अंतर, तार सप्तकात तेच दहा हर्ट्झ किरकोळ.

आपण शोधणार आहोत तो सगळ्यात लहान फरक, जो माणसाला बहुतेक वेळा ओळखता येतो. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द महत्त्वाचे. दहा सेंट कळतात आणि नऊ कळत नाहीत अशी भिंत कानात नसते, उतार असतो. पन्नास सेंटांना माणूस दरवेळी बरोबर सांगतो, पंधराला दहातून नऊदा, सहाला दहातून सहादा, आणि दोनला तो नुसता अंदाज मारत असतो. या उतारावरचा एक ठरावीक बिंदू आपण पकडतो आणि त्याला उंबरठा म्हणतो.

‘बारीक’ या शब्दानं केलेला घोटाळा

यंत्रांकडं वळण्याआधी भाषेचं बोलतो, कारण माझी पहिली दोन वर्षांची मोजणी भाषेपायी वाया गेली.

मी मुलांना विचारायचो, ‘कुठला आवाज उंच?’ बरीच मुलं मोठा, म्हणजे जोराचा आवाज सांगायची. मग मी त्यांच्या बोलीत शिरलो आणि ‘कुठला बारीक, कुठला जाड?’ असं विचारायला लागलो. बाईचा आवाज बारीक, बाप्याचा जाड, हे सगळ्यांनाच माहीत. वाटलं, प्रश्न सुटला. एके दिवशी चौथीतला एक पोरगा सलग चुकत गेला, अगदी शंभर सेंटांच्या जोडीतही. शेवटी तोच म्हणाला, ‘सर, बारीक म्हंजे टीव्ही बारीक करतात तसलं न्हवं?’

बरोबर होतं त्याचं. आपल्याकडं गॅस बारीक करतात, टीव्ही बारीक करतात. ‘बारीक’ म्हणजे पातळ-चढा आवाज आणि ‘बारीक’ म्हणजे हळू आवाज, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. मी कानाची परीक्षा घेतोय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात मोजत होतो शब्दाचा अर्थ.

तेव्हापासून शब्द वापरायचा तो शिकवूनच. पेटीवर दोन लांबच्या पट्ट्या वाजवून दाखवतो, सा आणि वरचा प. हात वर नेत म्हणतो, ‘हा चढा. हा उतरलेला.’ नंतर तोच सा एकदा दाबून जोरात आणि एकदा हळू वाजवतो आणि विचारतो, ‘यात चढा कुठला?’ ‘दोन्ही सारखेच की’ असं उत्तर आलं की मूल तयार आहे. ते येईपर्यंत परीक्षा सुरू करायची नाही. यात कधी दोन मिनिटं जातात, कधी वीस. ती द्या.

आणखी एक. काहींना दोन स्वर वेगळे आहेत हे कळतं, पण चढला की उतरला हे सांगता येत नाही. ही मंदबुद्धी नव्हे की आळस नव्हे. दिशा ओळखणं हे वेगळं कौशल्य आहे आणि काही माणसांत तेवढंच कच्चं असतं, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं आहे. असा कुणी भेटला तर प्रश्न बदलायचा. तीन स्वर वाजवायचे, दोन सारखे, एक वेगळा, आणि विचारायचं, ‘यातला परका कितवा?’ मात्र इथं अंदाज बरोबर यायची शक्यता निम्म्याऐवजी एक तृतीयांश होते, म्हणून या पद्धतीचे आकडे आणि दोन स्वरांचे आकडे एका वहीत सरमिसळ करू नका.

जागा आणि वेळ

महाद्वार रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्याच्या आसपास घर असेल तर संध्याकाळ विसरा. गणपतीच्या दिवसांत तर संपूर्ण पेठ विसरा. मी रविवारी सकाळी सात ते नऊ ही वेळ धरतो. पंखा बंद, मोबाइल सायलेंटवर, आत कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत मोजणी करूच नये.

सर्दी झालेल्याला, कान दुखणाऱ्याला परत पाठवायचं, पुढच्या आठवड्यात ये म्हणायचं. एका कानानं कमी ऐकू येतं, कानात सतत गुणगुण होते असं कुणी सांगितलं तर ते काम कान-नाक-घसा तज्ज्ञाचं. आपली परीक्षा गाण्यासाठी आहे, तिच्यावरून बहिरेपणाचं निदान होत नाही.

हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमुळे स्वराची उंची काही बदलत नाही, पण शांतता असताना ब्लूटूथ हेडफोन झोपी जातो आणि पुढच्या आवाजाची सुरुवात गिळतो. अर्ध्या सेकंदाच्या स्वरातला सुरुवातीचा तुकडाच गेला तर तुलना कसली करणार? मोबाइलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये इक्वलायझर, बास वाढवणारी सोय, ‘सराउंड’ असलं काही चालू असेल तर ते बंद करा. स्पीकर शक्यतो नको. खोलीच्या भिंतींवरून आवाज परतून काही स्वर एका जागी मोठे आणि काही लहान ऐकू येतात, आणि मूल उंचीऐवजी त्या लहान-मोठेपणावर उत्तर देऊ लागतं.

याला एक अपवाद मी केला. आमच्या भजनी मंडळात एक पैलवान येतात, तालमीत दोन्ही कान मोडलेले. हेडफोन कानावर बसेना, दाबला की दुखायचा. मोडलेला कान म्हणजे बाहेरच्या पाळीचा बदललेला आकार. स्वर ओळखणारी व्यवस्था आत, शंखाकृती नळीत आणि तिच्या मागं मेंदूत असते. त्यांना कानात घालायचे छोटे इयरफोन दिले, दोन्हीकडून आवाज सारखा येतो का ते आधी विचारून घेतलं, आणि त्यांचा आकडा मंडळातल्या बहुतेकांपेक्षा चांगला आला.

आवाजाची पातळी अगदी खालून सुरू करून ‘आता नीट येतंय’ म्हणेपर्यंत वाढवायची आणि तिथंच ठेवायची. परीक्षा संपेपर्यंत कुणी त्या बटणाला हात लावायचा नाही.

स्वर तयार करणं

पेटीवर ही परीक्षा होत नाही. पेटीतला सगळ्यात लहान फरकच शंभर सेंटांचा, शिवाय भात्याच्या दाबानं सुरीचा, म्हणजे आतल्या कंप पावणाऱ्या धातूच्या पट्टीचा, स्वर किंचित हलतो. तंबोऱ्याच्या तारेत जवारीमुळं, म्हणजे घोडीच्या घडणीनं येणाऱ्या झंकारामुळं, वरचे स्वर इतके उमलतात की आपण कशाची तुलना करतोय ते हातात राहत नाही. त्यासाठी संगणकावर बनवलेला साधा, एकाच कंपनसंख्येचा स्वर लागतो. तो कानाला कोरडा लागतो. जुन्या पिढीला आठवेल, टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर यायचा तसा ‘पीं’.

ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या. त्यात ‘जनरेट’ या यादीत ‘टोन’ आहे. लाटेचा प्रकार ‘साइन’, तीव्रता ०.३, लांबी अर्धा सेकंद. कंपनसंख्येच्या चौकटीत दशांशासह आकडा टाकता येतो, आणि आपलं सगळं काम त्या दशांशावरच आहे. ४४० हा पाया धरला तर चढे स्वर असे होतात :

२०० सेंट : ४९३.८८ हर्ट्झ
१०० सेंट : ४६६.१६
५० सेंट : ४५२.८९
२५ सेंट : ४४६.४०
१२ सेंट : ४४३.०६
६ सेंट : ४४१.५३
३ सेंट : ४४०.७६

आधी पहिला स्वर, मग अर्धा सेकंद शांतता, मग दुसरा स्वर. प्रत्येक स्वराचा सुरुवातीचा आणि शेवटचा दोन शतांश सेकंदाचा भाग निवडून ‘फेड इन’ आणि ‘फेड आउट’ द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ती गाळली तर स्वर सुरू होताना आणि तुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. त्या ‘टक्’मध्ये सगळ्याच कंपनसंख्या मिसळलेल्या असतात, आणि कान स्वर सोडून त्याच्याकडं जातो. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, पाठवापाठवीसाठी लहान करू नका. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या ध्वनीवर परीक्षा घेऊ नये.

प्रत्येक पायरीच्या दोन फाइल करायच्या, एकीत चढा आधी, दुसरीत चढा नंतर. एवढ्यात सात पायऱ्यांच्या चौदा फाइल झाल्या. काम इथं संपवता येतं, पण संपवू नका, कारण यात दोन पळवाटा राहिल्यात.

पहिली, ४४० हा स्वर प्रत्येक जोडीत येतो आणि तो कायम उतरलेलाच असतो. हुशार मूल दहा-बारा जोड्यांत तो स्वर पाठ करतं आणि दुसरा न ऐकताच उत्तर देतं. त्यावर इलाज म्हणून आणखी दोन पाये घ्यायचे, काळी चार म्हणजे ४१५.३० आणि काळी पाच म्हणजे ४६६.१६, आणि तिन्ही संचांतल्या जोड्या मिसळून वाजवायच्या. चढा स्वर काढायला पायाच्या आकड्याला १०० सेंटांसाठी १.०५९४६, ५० साठी १.०२९३०, २५ साठी १.०१४५५, १२ साठी १.००६९६, ६ साठी १.००३४७ आणि ३ साठी १.००१७३ नं गुणायचं.

दुसरी पळवाट आवाजाच्या जोराची. हेडफोन सगळे स्वर सारख्या जोरात देतोच असं नाही. काही जोड्यांत पहिला स्वर तीन डेसिबलनं कमी करा, काहींत दुसरा. म्हणजे जोरावरून अंदाज बांधणाऱ्याला त्याचा फायदा मिळत नाही. एक रविवार यात जातो, पण फाइल एकदा झाल्या की वर्षानुवर्षं चालतात.

समोर बसवल्यावर

मुलाला माझ्याकडं पाठ करून बसवतो. सुरुवातीला समोरासमोर बसायचो, तेव्हा सगळ्यांचे आकडे संशयास्पद चांगले यायचे. बरोबर उत्तराआधी माझी मान हलायची, हे मला क्लासमधल्या एका मोठ्या विद्यार्थ्यानं दाखवून दिलं. गाणं शिकवणाऱ्याची मान सुरावर आपोआप हलते, ती थांबवता येत नाही.

चढा स्वर आधी की नंतर, हे नाणं उडवून ठरवा. छापा आला की आधी, काटा आला की नंतर. मनानं ठरवायला गेलात तर तुम्ही आलटून-पालटून द्याल आणि मुलाला ते कळेल. माणसाला यदृच्छ क्रम मनातून रचता येत नाही. परीक्षेआधी संध्याकाळी शंभर वेळा नाणं उडवून वहीत यादी करून ठेवली तर वेळ वाचतो.

मूल फक्त ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ म्हणेल. ‘सारखेच’ हे उत्तर घ्यायचं नाही. ‘कळत नाही’ म्हटलं तरी ‘मग अंदाजानं सांग’ म्हणायचं. यावर पालक कुरकुरतात, अंदाजाला काय अर्थ म्हणून. पण भिडस्त मूल फरक जाणवूनही ‘सारखेच’ म्हणतं आणि धीट मूल न जाणवताही ‘वेगळे’ म्हणतं. सारखे-वेगळे विचारलंत तर स्वभाव मोजला जातो. कुठला चढा असं विचारून उत्तर द्यायलाच लावलं की स्वभाव बाजूला पडतो.

सुरुवातीला २०० आणि १०० सेंटांच्या सहा-सात जोड्या सरावाच्या, चूक-बरोबर सांगत. नंतर खरी फेरी, काही न सांगता.

जिना चढायचा-उतरायचा

प्रत्येक पायरीवर दहा जोड्या देऊन किती बरोबर ते मोजणं, ही जुनी आणि सरळ पद्धत. तिच्यातला धोका असा की नुसते अंदाज मारणाऱ्यालाही दहापैकी आठ किंवा जास्त उत्तरं बरोबर यायची शक्यता सुमारे साडेपाच टक्के असते. वीस मुलांच्या वर्गात असं एखादं मूल निघतंच. शिवाय सात पायऱ्यांच्या सत्तर जोड्या, त्यातल्या निम्म्या अतिसोप्या किंवा अशक्य, मूल कंटाळून जातं.

त्यापेक्षा जिना बरा. नियम दोनच. एका पायरीवर लागोपाठ दोन उत्तरं बरोबर आली की खालच्या, अवघड पायरीवर जायचं. एक चुकलं की लगेच वरच्या, सोप्या पायरीवर. हॅरी लेव्हिट यांनी १९७१ मध्ये या नियमाचं गणित मांडलं. असं वर-खाली करत राहिलं की माणूस जिथं ७०.७ टक्के उत्तरं बरोबर देतो त्या फरकाभोवती जिना घुटमळत राहतो. तोच आपला उंबरठा.

त्या मुलीची वही समोर आहे, तिची फेरी जशीच्या तशी देतो. १०० वर दोन्ही बरोबर. ५० वर दोन्ही. २५ वर दोन्ही. १२ वर पहिलं बरोबर, दुसरं चूक. परत २५, दोन्ही बरोबर. १२, दोन्ही बरोबर. ६, चूक. १२ वर एक बरोबर, एक चूक. २५, दोन्ही बरोबर. १२, दोन्ही बरोबर. ६, चूक. १२, दोन्ही बरोबर. ६, चूक. १२, दोन्ही बरोबर. इथं थांबलो. पंचवीस जोड्या, आठ-नऊ मिनिटं.

आता वळणं मोजायची. उतरता जिना जिथं चढायला लागला किंवा चढता उतरायला लागला, ती पायरी म्हणजे वळण. तिची वळणं आली १२, २५, ६, २५, ६, १२, ६, १२. पहिली दोन सोडून द्यायची, कारण तेव्हा मूल अजून स्थिरावत असतं. राहिली सहा : ६, २५, ६, १२, ६, १२. यांची साधी सरासरी काढायची नाही. आपल्या पायऱ्या निम्म्या-निम्म्या होत जातात, म्हणून सहाही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं सहावं मूळ काढायचं. गुणाकार ७,७७,६००, सहावं मूळ ९.६. मोबाइलमधल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर हे सहज होतं.

ती वळून म्हणाली, ‘सर, मी शेवटी-शेवटी नुसता अंदाजच सांगत होतो की.’ सगळ्यांना असंच वाटतं. जिना तुम्हाला मुद्दाम तिथंच धरून ठेवतो जिथं खात्री वाटत नाही.

मधेच दर आठ-दहा जोड्यांमागं २०० सेंटांची एक जोडी घालत चला, तिचा हिशेब जिन्यात धरायचा नाही. ती चुकली तर कान नव्हे, लक्ष गेलेलं आहे. पाणी द्या, पाच मिनिटं अंगणात पाठवा. आणि एका फेरीवर कधीच निकाल लावू नका. पहिली फेरी जवळजवळ प्रत्येकाची पुढच्यांपेक्षा वाईट येते. मी तीन वेगवेगळ्या दिवशी एकेक फेरी घेतो, पहिली सोडतो, उरलेल्या दोन पाहतो. दोन्हींत दुपटीपेक्षा जास्त तफावत असेल तर चौथी.

आकडा वाचायचा कसा

९.६ सेंट म्हणजे काय? पेटीचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटांवर असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटांवर. फरक चौदा सेंटांचा. दहाच्या आसपास उंबरठा असलेल्या मुलीच्या कानाला हा फरक ऐकू यायला हवा. ज्याचा उंबरठा चाळीस आहे त्याला पेटीचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार एकच वाटणार, आणि त्याला ‘गंधार जरा उतरव’ असं शंभरदा सांगून उपयोग नाही. पंचमात हाच फरक फक्त दोन सेंटांचा आहे, म्हणून पेटीच्या पंचमाबद्दल कुणी तक्रार करत नाही. श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांचा, हिशेब लावायचा तर त्यांतली सगळ्यात लहान, प्रमाणश्रुती, सुमारे २२ सेंटांची. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी शतकापूर्वी श्रुतींची कंपनसंख्येची गणितं मांडली होती. या मुलखात सूर आकड्यात बघणं काही परकं नाही.

दुसऱ्यांशी तुलना करायची तर एक भक्कम आधार आहे. ख्रिस्तोफ मिशेल, अँड्र्यू ऑक्सनहॅम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाण्या-वाजवण्याची तालीम नसलेल्यांचा उंबरठा तालीम झालेल्या वादकांच्या सुमारे सहापट होता. पण त्याच लोकांनी हीच परीक्षा चार ते आठ तास सराव म्हणून केली आणि ते वादकांच्या बरोबरीला आले. चार ते आठ तास! आपण ज्याला जन्मजात म्हणून कपाळाला हात लावतो त्यातला केवढा भाग नुसत्या सवयीचा असतो, हे वाचून मी त्या रात्री नीट झोपलो नाही. किती पोरांना परत पाठवलं होतं ते आठवत राहिलं.

दहा वर्षांखालच्या मुलांचे आकडे मोठ्यांपेक्षा मोठेच येतात. लक्ष टिकत नाही, कानही अजून घडत असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा साठ सेंट आला तर काळजीचं कारण नाही. तरुण किंवा प्रौढ माणसाचा आकडा सगळी काळजी घेऊनही वारंवार शंभराच्या वर राहिला, चाली ओळखता येत नाहीत, सगळी गाणी सारखीच वाटतात असंही तो सांगत असेल, तर जन्मजात स्वरांधतेची शक्यता असते. ती अगदी थोड्या लोकांत आढळते, आणि घरच्या परीक्षेवरून तसा शिक्का कुणावर मारू नये.

जोडाच्या तारांचं कौशल्य निराळं

‘मला तर दोन सेंट कळत नाहीत, पण तंबोरा मी उत्तम जुळवतो’ असं एक जुने साथीदार मला म्हणाले, थोडे रागानंच. त्यांचंही खरं आहे. जोडाच्या, म्हणजे तंबोऱ्यातल्या एकाच सा ला लावलेल्या मधल्या दोन तारा एकत्र निनादत असतात. त्यांच्या कंपनांत जेवढा फरक, सेकंदाला तेवढ्या वेळा आवाज फुगतो आणि बसतो. काळी एकच्या, २७७ हर्ट्झच्या तारांत दोन सेंटांचा फरक असला तर साधारण तीन सेकंदांना एक लाट येते. मिरजेचे कारागीर आणि चांगले तंबोरेवाले ती लाट थांबेपर्यंत मणी सरकवतात. ते लाट ऐकत असतात, उंचीतला फरक नव्हे. म्हणूनच आपल्या परीक्षेत दोन स्वर कधीही एकत्र वाजवायचे नाहीत, मधे शांतता हवीच. फाइल जोडताना दुसरा स्वर पहिल्यावर चुकून चढला तर सगळ्यांचे आकडे एकदम सुधारतात. मला एकदा अर्धा दिवस तो चमत्कार वाटला होता.

आता गळा

कानाचा आकडा हातात आल्यावरच गळ्याकडं यायचं. तोच ४४० चा स्वर दोन सेकंद ऐकवा, थांबवा, ‘आ’ लावायला सांगा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरवर बघा. सुरुवातीचा चाचपडण्याचा भाग सोडून मधला स्थिर भाग धरा. ट्यूनर जवळच्या स्वरापासूनचं अंतर दाखवतो, तेव्हा ‘जी शार्प, उणे ३०’ असं आलं तर ते काळी चारच्या खाली तीस, म्हणजे पांढरी सहापासून एकूण १३० सेंट खाली. वेगवेगळ्या पाच स्वरांवर हे करा, चढं-उतरलेलं चिन्हासह लिहा.

त्या मुलीचा गळा पाचही स्वरांवर खाली पडला, ११० ते १४० सेंटांच्या दरम्यान. कान ९.६, गळा १३०. आईला वहीतले दोन्ही आकडे दाखवले. मुलीला म्हटलं, ‘तुला सगळं ऐकू येतंय, तुझा गळा अजून रस्ता शिकलेला नाही.’ तिनं पहिल्यांदा मान वर केली.

कान चांगला आणि गळा चुकणारा असेल तर स्वर ओळखायचे धडे वाढवून काही होत नाही. तिला आम्ही सहा आठवडे एवढंच दिलं : तंबोरा चालू ठेवून खालून मींड घेत, म्हणजे स्वर न तोडता सरकत, हळूहळू सा पर्यंत चढायचं, लाट थांबली की तिथंच राहायचं, तोंड मिटून गुणगुणत, अजिबात जोर न लावता. आठवड्यातून दोनदा डोळ्यांसमोर ट्यूनर. उलट कानाचाच आकडा मोठा असेल तर गळ्याला थोडी विश्रांती देऊन याच जोड्या उत्तर सांगत, रोज पंधरा मिनिटं, महिनाभर ऐकवायच्या आणि पुन्हा मोजायचं. त्या वेळी हेडफोन, खोली, वेळ आणि आवाजाची पातळी तीच ठेवा, नाहीतर फरक कशामुळं पडला ते कळणार नाही.

वहीत प्रत्येक फेरीपाशी तारीख, वेळ, हेडफोन कुठला, सर्दी होती का, कितवी फेरी, एवढं लिहा. आकडे पालकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, वर्गात मोठ्यानं वाचायचे नाहीत. माझ्याकडं प्रत्येक मुलाचं पान वेगळं आहे आणि ते त्याचं तोच बघतो. त्या मुलीच्या पानावर ऑगस्टातल्या तिसऱ्या रविवारची नोंद अशी आहे : कान ८, गळा उणे ४०, तंबोरा काळी पाच, बाहेर पाऊस, म्हणून परीक्षा आतल्या खोलीत.